ड्रेस्डनर एसव्ही १९१० आणि जर्मनीतले कामगार फुटबॉल क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रेस्डनर एसव्ही १९१० म्हणजे ड्रेस्डनर एससीच ना?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ड्रेस्डनर एससी हा १८९८ चा क्लब, जर्मन फुटबॉल महासंघाचा म्हणजे डीएफबीचा सभासद. पुढे १९७४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मन संघाचे प्रशिक्षक झालेले हेल्मुट शोन याच क्लबाकडून खेळले, आणि १९४३ व १९४४ ची जर्मन विजेतेपदेही याच क्लबाची.

ड्रेस्डनर स्पोर्टफेराइन १९१० हा त्याच शहरातला कामगारांचा क्लब. १९२४ ते १९२७ अशी सलग चार वर्षे त्याने कामगार क्रीडा संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९३१ मध्ये कम्युनिस्ट क्रीडा संघटनेचे विजेतेपदही त्यानेच जिंकले. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याला बंदी घातली. नावातले १९१० धरले, तर उणीपुरी तेवीस वर्षे. एवढ्या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेला क्लब आज बहुतेक याद्यांत सापडत नाही. हे पान त्याच्याबद्दल आणि त्याच्यासारख्या क्लबांबद्दल आहे.

डीएफबी असताना कामगारांनी वेगळा संसार का थाटला?

कारण वेगळेपणा आधी त्यांच्यावर लादला गेला होता. १८७८ ते १८९० या काळात बिस्मार्कच्या समाजवादविरोधी कायद्याने कामगारांच्या संघटनांवर, वर्तमानपत्रांवर आणि सभांवर बंदी होती. जुन्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचे म्हणजे डॉइश टुर्नरशाफ्टचे वातावरण सम्राटनिष्ठ, आणि समाजवादी कामगाराला तिथे मान नव्हता. कायदा उठल्यावर १८९३ मध्ये गेरा या गावी कामगारांनी आपली जिम्नॅस्टिक्स संघटना काढली. १९१९ मध्ये तिचे नाव आर्बायटर टुर्न उंड स्पोर्टबुंड झाले. लोक तिला एटीएसबी म्हणत, आपणही तेच म्हणू. डीएफबीची स्थापना त्यानंतरची, जानेवारी १९०० मधली, लाइपझिगची.

कायदा गेला तरी पोलीस गेले नाहीत. १९०८ च्या संघटना कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना राजकीय संघटनेत यायला मनाई होती. कामगारांच्या क्रीडा मंडळाला ‘राजकीय’ ठरवले की त्याच्याकडची पोरे कायद्यानेच तुटत. ही युक्ती ठिकठिकाणी वापरली गेली. संशोधकाला मात्र त्यातून एक लाभ झाला आहे: १९१८ पूर्वीच्या अनेक कामगार क्लबांची सर्वांत तपशीलवार माहिती पोलिसांच्या फायलींत मिळते.

फुटबॉल या संघटनेत केव्हा रुजला?

सुरुवातीला नेत्यांना तो नकोच होता. त्यांना सगळ्यांनी मिळून करायचे व्यायाम हवे होते, जिंकण्याहरण्याची चढाओढ नको होती. पण पोरांना फुटबॉल हवा होता, आणि त्यांना तो दिला नाही तर ती डीएफबीच्या क्लबांत जात. मग नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीने आठ तासांचा कामाचा दिवस आणला. कारखान्यातून सुटल्यावर उजेडात सरावाला वेळ मिळू लागला, आणि क्लब भराभर वाढले. १९२० पासून एटीएसबीची स्वतःची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. त्या दशकाच्या अखेरीला तिच्या फुटबॉलपटूंची संख्या लाखाच्या वर होती.

स्पर्धा कशी चालायची?

आधी जिल्हा पातळीवरची साखळी, मग विभागाची फेरी, मग देशाचे चार मोठे विभाग: पूर्व, मध्य, दक्षिण आणि वायव्य. चारही विभागांचे विजेते उपांत्य फेरीत. म्हणजे राष्ट्रीय टप्प्यावर सामने थोडेच, पण तिथवर पोचायला वर्षभर झगडावे लागे. मध्य विभागात सॅक्सनीचे कारखान्यांचे पट्टे येत. कामगार चळवळीचे बळ तिथे मोठे होते, म्हणून तिथला विभागीय विजेता बहुतेक वेळा देशातही वरचढ ठरे. १९२१ ते १९२७ ही सातही विजेतेपदे लाइपझिग आणि ड्रेस्डन या दोन शहरांतच राहिली.

विजेत्यांची यादी मिळेल का?

१९२० चे विजेतेपद टीएसव्ही फ्युर्थने घेतले. पुढची तीन वर्षे लाइपझिगच्या श्टोटरिट्स भागातल्या व्हीएफएल क्लबाची. १९२४, १९२५, १९२६ आणि १९२७ ड्रेस्डनर एसव्ही १९१० चे. १९२८ मध्ये बर्लिनच्या पांको भागातला आडलर ०८. १९२९ मध्ये हॅम्बुर्गचा लॉर्बेअर ०६, १९३० मध्ये न्युर्नबर्ग-ओस्ट, १९३१ मध्ये पुन्हा लॉर्बेअर, आणि १९३२ मध्ये पुन्हा न्युर्नबर्ग-ओस्ट. १९३३ ची स्पर्धा पूर्ण होऊ शकली नाही.

लाइपझिगच्या बाबतीत सावध राहा. श्टोटरिट्सचा व्हीएफएल आणि व्हीएफबी लाइपझिग हे वेगळे क्लब आहेत. व्हीएफबी हा १९०३ मध्ये डीएफबीचा पहिला विजेता. एका अक्षराच्या फरकाने कामगारांची तीन विजेतेपदे भलत्याच क्लबाच्या खात्यावर जातात.

ड्रेस्डनचा संघ खरोखर इतका भारी होता, की समोरचेच कच्चे होते?

१९२४ च्या अंतिम सामन्यात ब्रेस्लाउच्या श्टेर्नवर ६–१. १९२५ मध्ये बर्लिनच्या श्ट्रालाउवर ७–०. १९२६ मध्ये फोर्स्टच्या क्लबावर ५–१. समोरचे संघ आपापला विभाग जिंकून आलेले होते, त्यामुळे त्यांना कच्चे म्हणता येत नाही. ड्रेस्डनचा संघच त्या काळात कामगार फुटबॉलमध्ये एक पायरी वर खेळत होता. डीएफबीच्या अव्वल संघांपुढे तो कितपत टिकला असता, याचा निवाडा मैदानावर झालेला नाही. दोन्ही संघटनांचे क्लब परस्परांशी अधिकृत स्पर्धा खेळत नसत. म्हणून ‘ते त्या काळातले जर्मनीतले सर्वोत्तम’ असे कोणी लिहिले तर ते वाक्य कापावे, आणि ‘ते दुय्यम दर्जाचे’ असे लिहिले तर तेही.

त्यांचा फुटबॉल वेगळा होता का?

मैदान, चेंडू, अकरा खेळाडू, ऑफसाइड सगळे तेच. फरक भोवतालात होता. पैसे घेऊन खेळणे निषिद्ध. एखाद्याला तारा बनवणे निषिद्ध. अभिवादन ‘फ्राय हाइल’, झेंडा लाल, आणि क्लबाची सभा बहुधा गुत्त्याच्या मागच्या खोलीत, कारण कामगार क्लबाला भाड्याने परवडणारी आणि मालकाकडून मिळणारी जागा तीच. एकाच क्लबात जिम्नॅस्टिक्स, हँडबॉल, पोहणे, मुलांचे वर्ग चालत. फुटबॉल हा त्यातला एक विभाग, आणि बऱ्याचदा जुन्या जिम्नॅस्टांशी त्याचे खटके उडत: मैदानावर पैसा जास्त कोणाचा खर्च होतो, वर्गणी कोण जास्त भरतो, यावरून.

आंतरराष्ट्रीय सामनेही होत. एटीएसबीचा निवडक संघ १९२४ ते १९३२ मध्ये फिनलंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स अशा देशांच्या कामगार संघांशी खेळला. जुलै १९२५ मध्ये फ्रँकफर्टला पहिले कामगार ऑलिंपिक भरले. पहिल्या महायुद्धातल्या पराभवामुळे जर्मनीला १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बोलावणे नव्हते, पण फ्रँकफर्टला कालपरवापर्यंत खंदकात समोरासमोर उभ्या असलेल्या देशांचे कामगार एकत्र खेळले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जर्मन कामगार संघाने फिनलंडला २–० हरवले. १९३१ चे कामगार ऑलिंपिक व्हिएन्नात, नव्या प्राटर स्टेडियमवर झाले. तिथे अंतिम सामना ऑस्ट्रियाने जर्मनीविरुद्ध जिंकला.

गोल कोणी केले, हे बातम्यांत का सापडत नाही?

जाणूनबुजून ठेवलेली प्रथा आहे ती. कामगार वर्तमानपत्रांना सांघिक खेळ मिरवायचा होता, म्हणून सामन्याच्या वृत्तांतात बऱ्याचदा ‘डाव्या बगलेने चेंडू आत दिला, मधल्या आघाडीवीराने जाळ्यात टाकला’ एवढेच येते. नाव नाही. आज त्याचा त्रास होतो. एखादा खेळाडू कोणत्या वर्षी संघात होता हे ठरवायला संघाचे छायाचित्र, निवडक संघाची घोषणा किंवा शिस्तभंगाची नोटीस शोधावी लागते. शिक्षा झालेल्या खेळाडूचे नाव मात्र आवर्जून छापले जाई!

पश्चिम जर्मनीचा गाजलेला आघाडीवीर उवे झेलर, त्याचे वडील कामगार क्लबातले होते हे खरे का?

खरे. एर्विन झेलर हॅम्बुर्गच्या बंदरातले कामगार. रोथेनबुर्ग्सओर्ट या कामगार वस्तीतल्या लॉर्बेअर ०६ चे ते सर्वांत गाजलेले खेळाडू, आणि १९३१ च्या व्हिएन्ना ऑलिंपिकमध्ये जर्मन कामगार संघाकडून खेळले. १९३२ मध्ये ते डीएफबीच्या व्हिक्टोरिया हॅम्बुर्गमध्ये गेले. सोशल डेमोक्रॅट वर्तमानपत्राने त्यावर कडक टीका केली. चळवळीने घडवलेला माणूस मध्यमवर्गीय क्लबाच्या दारात गेला, हे त्यांना जिव्हारी लागले. दुसरी बाजूही बघायला हवी. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाख लोक बेकार होते, आणि नाव असलेल्या खेळाडूला मोठा क्लब काम शोधून देऊ शके. पुढे एर्विन एचएसव्हीत म्हणजे हॅम्बुर्गर एसव्ही या क्लबात गेले. उवे आणि डीटर ही त्यांची दोन्ही मुले तिथेच खेळली, आणि उवे चार विश्वचषक खेळले.

क्लब फुटले ते कशाने?

सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांच्या भांडणाने. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९२० मध्ये लुसर्नला समाजवादी क्रीडा संघटना आणि १९२१ मध्ये मॉस्कोत कम्युनिस्ट क्रीडा संघटना निघाली होती, पण जर्मनीत दोन्ही बाजूंचे लोक १९२८ पर्यंत एटीएसबीतच एकत्र खेळले. १९२८ मध्ये कॉमिन्टर्नने, म्हणजे मॉस्कोतल्या कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेने, सोशल डेमोक्रसीविरुद्ध टोकाची भूमिका घेतली. इकडे एटीएसबीच्या नेतृत्वाने कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि त्यांच्या ताब्यातले क्लब काढून टाकायला सुरुवात केली. बर्लिनच्या फिख्टेसारखा मोठा क्लब बाहेर गेला. काढलेल्यांनी लाल क्रीडा ऐक्याची संघटना उभारली. ती ‘रोटस्पोर्ट’ या नावाने ओळखली जाते. ड्रेस्डनर एसव्ही १९१० तिकडे गेला आणि १९३१ मध्ये तिचा विजेता झाला. १९३२ चे रोटस्पोर्ट विजेतेपद येस्निट्सच्या फ्राये टुर्नरशाफ्टने मिळवले.

गावागावांत ही फूट कशी दिसे? सामान कोणाचे, कपाटाची किल्ली कोणाकडे, नगरपालिकेने दिलेले मैदान कोणाच्या नावावर, जुने नाव कोण वापरणार. एकाच नावाचे दोन क्लब एकाच वस्तीत वर्षभर नांदल्याचे प्रकार त्यामुळे घडले. आमच्या मते १९३३ च्या आधीच या चळवळीचे कंबरडे अर्धे मोडले ते इथे. शत्रू दारात असताना दोन्ही बाजू एकमेकींचे खेळाडू पळवत होत्या.

मग १९३१ चा जर्मन विजेता कोणता मानायचा?

डीएफबीचा हेर्था बीएससी, एटीएसबीचा लॉर्बेअर ०६, रोटस्पोर्टचा ड्रेस्डनर एसव्ही १९१०. तिन्ही आपापल्या संघटनेचे राष्ट्रीय विजेते. लिहिताना संघटनेचे नाव जोडणे एवढाच बरोबर मार्ग आहे. १९२७ मध्ये तर चार विजेते होते: डीएफबीचा १. एफसी न्युर्नबर्ग, एटीएसबीचा ड्रेस्डन, शिवाय जिम्नॅस्टिक्स संघटनेचा आणि कॅथलिक युवक संघटनेचा स्वतंत्र विजेता. आज ‘जर्मन विजेता’ म्हणून फक्त डीएफबीची यादी छापली जाते, कारण उरली ती एकटीच संघटना.

१९३३ मध्ये नेमके काय झाले?

२७ फेब्रुवारीच्या रात्री राइशटाग म्हणजे बर्लिनमधले संसद भवन जळाले. दुसऱ्या दिवशीच्या वटहुकमाने नागरी हक्क स्थगित झाले. रोटस्पोर्टवर घाला लगेच आला. मार्चमध्ये एटीएसबीची लाइपझिगची क्रीडाशाळा एसए या नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या ताब्यात गेली. ही शाळा १९२६ मध्ये सभासदांच्या पैशांतून उभी राहिली होती, आणि तिच्यात प्रशिक्षक घडत. २६ मे च्या कायद्याने कम्युनिस्टांची मालमत्ता जप्त करायची सोय केली, १४ जुलैच्या कायद्याने तीच सोय ‘राष्ट्रद्रोही’ ठरवलेल्या सर्वांसाठी झाली. क्लबाच्या पातळीवर म्हणजे बँक खाते, गोलपोस्ट, जाळी, चेंडू, जिम्नॅस्टिक्सचे घोडे आणि बार, झेंडा, वाचनालयाची पुस्तके आणि सभासदांचे रजिस्टर. शेवटची वस्तू सर्वांत धोक्याची, कारण तिच्यात नावे आणि पत्ते होते. अनेक ठिकाणी ती पोलीस येण्याआधीच चुलीत गेली. आज सभासदांच्या याद्या दुर्मीळ असण्याचे ते एक कारण.

खेळाडूंनी पुढे काय केले?

बरेच जण डीएफबीच्या क्लबांत गेले. अख्खा संघ एकगठ्ठा येऊ नये यासाठी निर्बंध होते, आणि येणाऱ्याच्या राजकीय वर्तनाची हमी मागितली जाई. काहींनी खेळ सोडला. काहींनी क्लबाच्या ओळखीवर गुप्त काम चालू ठेवले, कारण रविवारी मैदानावर जमलेल्या वीस-बावीस जणांकडे कोणी संशयाने बघत नसे. तुरुंगात आणि छळछावणीत गेलेल्यांची संख्या मोठी आहे. कामगार खेळाडूंपैकी सर्वांत परिचित नाव कुस्तीगीर वेर्नर झेलेनबिंडर यांचे. त्यांना मृत्युदंड झाला आणि २४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला.

१९४५ नंतर हे क्लब परत का उभे राहिले नाहीत?

काही राहिले. पण १७ डिसेंबर १९४५ च्या दोस्त राष्ट्रांच्या २३ क्रमांकाच्या आदेशाने आधीच्या सर्व क्रीडा संघटना विसर्जित झाल्या. नव्या क्लबाला परवानगी फक्त स्थानिक पातळीवर. पश्चिमेत कामगार नेत्यांनी एटीएसबी पुन्हा न काढता सर्वांची एकत्रित क्रीडा संघटना स्वीकारली. हॅम्बुर्गमध्ये लॉर्बेअरचे नाव नव्या क्लबात टिकले. ड्रेस्डन सोव्हिएत क्षेत्रात होते. तिथे जुने क्लब, मग ते मध्यमवर्गीय असोत वा कामगारांचे, परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी आधी स्थानिक क्रीडागट आणि मग कारखान्यांशी जोडलेले संघ आले. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राजवटीत कामगारांचा सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लब पुन्हा सुरू झाला नाही, ही गोष्ट आम्हाला आजही सलते.

नावावरून कामगार क्लब ओळखता येतो का?

अर्धाच. ‘फ्राये टुर्नरशाफ्ट’, म्हणजे नावापुढे एफटी, ही सर्वांत भरवशाची खूण. फिलिप लाम लहानपणी ज्या म्युनिकच्या एफटी गेर्नकडून खेळला, तिथला एफटी हाच. पण फ्रायबुर्गच्या एफटी १८४४ मधला ‘एफ’ फ्रायबुर्गचा आहे, तो कामगार क्लब नव्हे. ‘फोरवेर्ट्स’ नावाचे कामगार क्लब पुष्कळ, तरी ग्लाइविट्सचा फोरवेर्ट्स-राझनस्पोर्ट डीएफबीत खेळे. उलट लॉर्बेअर, आडलर, श्टेर्न या नावांत काहीच सांगितलेले नाही. नाव हा फक्त पहिला अंदाज, पुरावा म्हणजे कोणत्या संघटनेच्या तक्त्यात क्लब दिसतो ते.

भारतात बसून एखाद्या क्लबाचा शोध कसा घ्यायचा?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाव आणि वस्ती पक्की करा, क्लबाचे नाव नंतर. मग त्या गावातली कामगार दैनिके शोधा. ड्रेस्डनसाठी सोशल डेमोक्रॅटांचे ‘ड्रेस्डनर फोक्सत्साइटुंग’ आणि कम्युनिस्टांचे ‘आर्बायटरश्टिमं’ अशी दोन. दोन्ही वाचा, कारण १९२८ नंतर प्रत्येक पत्र फक्त आपल्या बाजूचे निकाल छापते. एकाच पत्रावर विसंबलात तर क्लब १९२९ मध्ये ‘गायब’ झाल्यासारखा दिसेल. तो बंद पडलेला नसतो, दुसऱ्या पत्रात गेलेला असतो.

ड्रेस्डनच्या राज्य ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात सॅक्सनीची वर्तमानपत्रे आणि शहराच्या जुन्या पत्तेपुस्तिका मोफत बघता येतात. जर्मन वर्तमानपत्रांचे राष्ट्रीय पोर्टल २०२१ पासून खुले आहे. ‘फोरवेर्ट्स’ हे सोशल डेमोक्रॅटांचे मुखपत्र फ्रीड्रिख एबर्ट फाउंडेशनने डिजिटल केले आहे. १९३१ च्या ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ॲनो’ उघडा, त्यात व्हिएन्नाचे ‘आर्बायटर-त्साइटुंग’ आहे. एटीएसबीचे फुटबॉल साप्ताहिक ‘फ्राये स्पोर्टवोखे’ हा सर्वांत चांगला स्रोत, पण त्याचे अंक ग्रंथालयांत विखुरलेले आहेत.

शोधताना अडेल ते लिपीपाशी. छपाई फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणाची, तिच्यातला लांब ‘एस’ संगणकाला ‘एफ’ दिसतो. त्यामुळे एखादा शब्द शोधून काही मिळाले नाही तर निष्कर्ष काढू नका. क्लबाचे पूर्ण नाव टाकण्याऐवजी नुसते ‘१९१०’ किंवा ‘डीएसव्ही’ आणि समोरच्या संघाचे नाव असे जोडून शोधा. तेही फसले तर सोमवारचा किंवा मंगळवारचा अंक उघडून क्रीडापान डोळ्यांनी वाचा. रविवारी सामने होत, त्यामुळे निकाल त्याच दोन दिवसांत येतात. नोंदणीचे कागद स्थानिक न्यायालयाच्या संस्था नोंदवहीत असतात. जुन्या वह्या बऱ्याचदा राज्य अभिलेखागारात गेलेल्या असतात. पत्र लिहिताना क्लबाचे नाव, गाव, आणि हवी ती पाच-सहा वर्षे एवढेच लिहा. ‘सर्व माहिती पाठवा’ अशा विनंतीला उत्तर म्हणून दरपत्रक येते.

निकाल दोन ठिकाणी वेगळे दिसले तर?

सामन्याच्या लगोलग आलेल्या अंकातला निकाल तारेने किंवा फोनवरून आलेला असतो, त्यात उलटसुलट होते. संघटनेच्या पत्रात आठवड्याने छापलेला तक्ता जास्त विश्वासाचा. त्यातही आक्षेप मान्य होऊन सामना पुन्हा खेळवला गेला का, हे पुढच्या दोन अंकांत बघा. मग आपल्या टिपणात निकालाशेजारी पत्राचे नाव, तारीख आणि पान लिहून ठेवा. पुढच्या माणसाला ते पुन्हा शोधावे लागणार नाही.